पाच कड्यांचे रंग

निळे कडे युरोपचे, पिवळे आशियाचे, काळे आफ्रिकेचे, हिरवे ऑस्ट्रेलियाचे आणि तांबडे अमेरिकेचे. शाळेत आपण हे पाठ केले, पुढे मुलांकडूनही करून घेतले. मात्र ज्याने ऑलिंपिकचे हे चिन्ह काढले, त्याने असे काही म्हटलेले आढळत नाही.

फ्रान्सच्या पिअर द कुबर्तँ यांनी १९१३ साली ही कडी रेखाटली आणि ऑलिंपिकच्या मुखपत्रात त्यांचा खुलासाही केला. पाच कडी म्हणजे ऑलिंपिक चळवळीत आलेले जगाचे पाच भाग, इथवर शाळेतला धडा बरोबर आहे. पण रंग त्यांनी खंडांना वाटून दिले नव्हते. पाच रंग आणि मागचा पांढरा, अशा सहा रंगांत सर्व राष्ट्रांचे ध्वज सामावतात, असा त्यांचा हिशेब होता. स्वीडनचा निळा-पिवळा, ग्रीसचा निळा-पांढरा, जर्मनी-इटलीचे तिरंगे, जपान, चीन अशी यादीच त्यांनी दिली. तुर्कांचे नाव तीत नाही; पण तांबड्यावरची त्यांची पांढरी चंद्रकोर त्या सहांत बसतेच. हिंदुस्थानचे नाव तर कुठून येणार? आपल्याला तेव्हा स्वतःचा ध्वजच नव्हता. १९४७ साली तो आला, तर त्यातला केशरी सहांपैकी एकातही बसेना!

हा ऑलिंपिक ध्वज एप्रिल १९१४ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियात फडकला. मग महायुद्ध पेटले, १९१६ चे बर्लिनचे सामने झालेच नाहीत. ऑलिंपिक सामन्यांत तो प्रथम दिसला १९२० साली, अँटवर्पला. त्याच सामन्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले.

खंडांची वाटणी पुढे ऑलिंपिकच्या अधिकृत पुस्तिकेत शिरली. तिच्यामागे कातडीचा हिशेब आहे, हे आम्हांला उघड दिसते. काळे कडे आफ्रिकेलाच का जावे? १९१२ ची मॅरेथॉन दक्षिण आफ्रिकेसाठी जिंकणारा केन मॅकार्थर तर गोरा होता. आणि आपण आशियातले. आरशात पिवळे कोण दिसतो? हिरव्या कातडीची माणसे जगात नाहीत, म्हणून तो रंग उरला असेल ऑस्ट्रेलियाला.

हिरव्यावरून आठवले. आमच्यातल्या काहींना ते कडे पाहून उगाच बरे वाटते, आणि शेजारचे काही त्याच रंगाने उगाच बिचकतात. १९१३ साली कुबर्तँपुढे हिरवा आला तो इटली, हंगेरी, ब्राझीलच्या ध्वजांतून. दोन्ही बाजूंच्या मंडळींना हे सांगून पाहिले. दोघांचाही हिरमोड झाला!

कुबर्तँचा तसा हेतू असल्याचा पुरावा नाही म्हणून १९५१ साली पुस्तिकेतून खंडांचा उल्लेख काढला गेला. आमच्या घरातल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात मात्र तो आहे. परवा आम्ही त्यावर पेन्सिलीने काट मारली. मुलाने रबर आणला आणि ती पुसली. म्हणाला, ‘‘अब्बा, परीक्षेत हेच विचारतात.’’