पूर्वजांची भूमी आणि चित्रकाराची रेषा

सांगलीच्या विश्रामबागेत वारली चित्र आम्हांला भेटते ते लग्नपत्रिकेवर किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर. त्यामागची भूमी मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

ह्या चित्रांचे माहेर डहाणू-तलासरीकडची कुडाची घरे. लग्नात तेथे सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघाट देवी विराजमान होते. 1970 नंतर गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी ही कला कागदावर व कापडावर नेली. भाताची लावणी, माशांचे जाळे, तारप्याचा नाच असे गावाचे सारे जगणे त्यांनी रेखाटले. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व 2011 मध्ये पद्मश्री त्यांना लाभली.

परंतु त्या शेतांना इतिहास आहे. वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांनी गिळल्या होत्या. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठीविरुद्ध उठले, तेव्हा म्हसे कोवळ्या वयाचे होते.

दूर ऑस्ट्रेलियातही असेच घडले. हर्मन्सबर्गच्या मिशनमध्ये वाढलेले आदिवासी चित्रकार आल्बर्ट नामात्जिरा (1902–1959) यांनी पूर्वजांचे डोंगर जलरंगांत उतरवले. चित्रांना मोठी मागणी आली. पण गुरे चारण्याचा परवाना मागताच सरकारने तो नाकारला.

भूमीचे चित्र जगाने कौतुकाने घेतले, भूमिपुत्राचा हक्क मात्र मानला नाही. घरी वारली चित्र लावताना ही हकीकतही आपण मुलांना सांगावी, असे आम्हांस वाटते.