दहा बाय बाराच्या खोलीतला बेस

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदुस्थानातला पडदा बोलू लागला. तिकिटांसाठी अशी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. लाउडस्पीकर हीच चीज तेव्हा नवी होती. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला कागदी कोन, ही रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडली. आजचा सबवूफरही त्याच कुळातला.

मॅजेस्टिकपासून पायी जाण्याच्या अंतरावर लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी बाजारात जुनेच नाव चालते. हा रस्ता आधी थिएटरांचा आणि मग रेडिओच्या सुट्या भागांचा झाला. व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर, कोन, कॉइल असे काय हवे ते तिथे मिळे. वायरींसाठी लोहार चाळ, जुन्या मालासाठी चोरबाजारातली मटन स्ट्रीट. १९८३ साली ‘एलेक्टर इंडिया’ हे हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे मासिकही ग्रँट रोडच्या प्रॉक्टर रोडवरूनच निघू लागले. सर्किट मासिकात वाचायचे आणि संध्याकाळी त्याचे भाग आणायला पायीच जायचे, अशी सोय देशात फार कमी ठिकाणी होती.

घरीच जोडणी करण्याची गरज मात्र पैशाच्या चणचणीतून आली. परदेशी म्युझिक सिस्टिमवर जबर आयात कर असे. गिरण्यांतला कामगार किंवा फोर्टात जाणारा कारकून तिच्या वाटेला जात नसे. रेडिओ ठेवायचा तरी पोस्टातून परवाना काढावा लागे. म्हणून मग ‘असेंबल’ केलेला अॅम्प्लिफायर. सुरुवातीला २एन३०५५ हा जाडजूड धातूचा ट्रान्झिस्टर, पुढे सॅन्योची एलए४४४० ही आयसी. तिला ‘फोर फोर फोर झिरो’ म्हणत. बारा व्होल्टवर चालणारी ही चिप प्रत्येक बाजूला सहा वॅट देई आणि ब्रिज पद्धतीने जोडली तर एकोणीसच्या आसपास. आज हे आकडे किरकोळ वाटतील. चाळीतल्या एका खोलीला ते पुरून उरत.

घुमणारा, पोटात जाणवणारा आवाज हवा, ही ओढ कुठून आली? थोडी थिएटरांतून. १९७५ साली आलेला ‘शोले’ मिनर्व्हाच्या सत्तर एमएमच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक आवाजात वर्षानुवर्षे चालला. नाणे उडवल्याच्या प्रसंगाला प्रेक्षक खुर्च्यांखाली वाकून नाणे शोधत, अशी आठवण सांगितली जाते. तिथून घरी आले की खोलीतला चार इंची स्पीकर केविलवाणा वाटणारच.

पण लालबाग-परळला खर्जाची ओळख त्याही आधीची. कोकणातून गिरण्यांत आलेल्या माणसांनी भजनी मंडळे आणली आणि त्यांच्यासोबत पखवाज आला. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वादनाआधी ओली कणीक थापतात. कातड्याचे वजन वाढते, ते सावकाश हलते आणि आवाज खाली उतरतो. स्पीकर बनवणारे कारखाने वूफरचा कोन जड आणि त्याची कड मऊ ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे. कणीक कमी-जास्त करून घुमारा साधणाऱ्या माणसाला वूफरचे मर्म वेगळे शिकवावे लागत नव्हते.

नुसता वूफर हातात धरून वाजवला तर बेस येतच नाही. कोन पुढे जाताना समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही एकमेकींना गाठून आवाज मारून टाकतात. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणे हेच पेटीचे पहिले काम. देशभर लोकांनी त्यासाठी मातीचा माठ वापरला. माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा ठेवला की सलूनपासून पानाच्या टपरीपर्यंत कुठेही गाणे भरदार होई. माठाची घूम आणि बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येणारा हुंकार यांचे गणित एकच. ते हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. बेल लॅबोरेटरीच्या अल्बर्ट थुरास यांनी पेटीला भोक आणि नळी देऊन मागची हवाही कामाला लावली. त्याचे पेटंट १९३२ सालचे.

कुठल्या वूफरला केवढी पेटी, याचा नेमका हिशेब त्यानंतरही बराच उशिरा आला: ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांचा निबंध १९६१ साली, आणि रिचर्ड स्मॉल यांचे काम १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. बाजारातल्या सुट्या मालावर त्यांचे आकडे छापलेले नसत. चाळीतल्या माणसाने पेटी कानाने जुळवली. सबवूफरच्या या सगळ्या इतिहासात हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. स्पीकर विकत मिळतो, पेटी स्वतःलाच घडवावी लागते, आणि बेस येतो तो पेटीतून.

आठ इंची वूफर आणि साधारण एक घनफुटाची पेटी, हा परवडणारा मेळ. पाऊण इंची प्लायवुडच्या सहा फळ्या सुताराकडून कापून आणायच्या, सांध्यांना फेविकॉल लावायचा आणि चार-चार बोटांवर स्क्रू पिळायचे. आतल्या कडांना फेविकॉलमध्ये कालवलेला लाकडाचा भुसा भरायचा. केसाएवढी फट राहिली तरी हवा फुसफुसते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. वूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला आणि कोन बाहेर आला, तर सेलची प्लस बाजू लागली ते टोक प्लस. तिथे पेनाने खूण करायची.

मग नळी. प्लंबरकडचा तीन इंची पीव्हीसी पाइप दहा इंच लांब ठेवला तर अशी पेटी चाळीस हर्ट्झच्या आसपास घुमते. तोच कापून पाच इंचांवर आणला की घूम पन्नासच्या वर चढते. म्हणून पाइप आधी लांबच ठेवायचा आणि ओळखीचे गाणे लावून, ऐकत ऐकत, करवतीने बोटबोट कमी करायचा. गायकाचा आवाज वगळून फक्त खालचे सूर वूफरला द्यायचे तर शंभर हर्ट्झला आठ ओहमसाठी जवळपास तेरा मिलिहेन्रीची कॉइल लागते. एवढी तांब्याची तार महाग पडे. त्यावर तोड म्हणून ४५५८ या स्वस्त आयसीचा छोटा फिल्टर अॅम्प्लिफायरच्या आधीच बसवत.

दहा बाय बाराची खोली इथे उपयोगीच पडते. बारा फुटांच्या भिंतींमध्ये हवा पहिल्यांदा घुमते ती ४७ हर्ट्झच्या आसपास. त्याच्याही खालचे सूर लहान बंद खोलीत मोठ्या दिवाणखान्यापेक्षा सहज भरतात. पेटी कोपऱ्यात सरकवली तर आणखी जोर येतो. गॅलरीकडचे दार उघडले की त्यातला बराचसा बाहेर निघून जातो.

जातो तो शेजाऱ्याकडे. गिरगावातल्या जुन्या चाळींची जमीन लाकडी तुळयांवरची, त्यामुळे पेटीची थरथर खालच्या मजल्यावरच्या भांड्यांपर्यंत पोचते. पेटीखाली जाड रबराचे तुकडे द्यावेत आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत बेस उतरवावा, हे शहाणपणाचे.

रस्त्यावरचे प्रकरण आणखी मोठे. केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३चा, गणेश गल्लीचा १९२८चा, लालबागच्या राजाचा १९३४चा. मंडपांवर दीर्घकाळ भोंगेच राज्य करत होते आणि भोंग्यातून बेस निघत नाही. चाळीस हर्ट्झची एक लाट अठ्ठावीस फुटांची, चाळीतल्या दोन खोल्यांपेक्षाही लांब. हातभर भोंग्यात ती मावायची कशी? पुढे भोंग्यांच्या जागी कपाटाएवढ्या पेट्या आल्या, बेंजो पार्ट्यांच्या गाड्यांवर त्या चढल्या आणि आगमनाच्या मिरवणुकीत छातीवर दणका बसू लागला. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध १९८०च्या दशकातच हायकोर्टात दाद मागितली होती. २०००च्या केंद्रीय नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. मात्र ही मोजणी माणसाच्या कानाच्या हिशेबाने होते आणि तीत चाळीस हर्ट्झचा आवाज जवळपास ३५ डेसिबलने कमी धरला जातो. मीटरचा आकडा नियमात बसला तरी खाटेवरच्या आजारी माणसाची तक्रार खरी असू शकते. नियमांत खर्जाची वेगळी दखल घ्यायलाच हवी.

आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ गिरगाव आणि ग्रँट रोडवरून धावते, त्यामुळे लॅमिंग्टन रोड गाठणे सोपे झाले आहे. तिथे टीपीए३११६ चिपचे तळहाताएवढे बोर्ड मिळतात. चार ओहमवर ही चिप दोन बाजूंना पन्नास-पन्नास वॅटपर्यंत देते आणि जुन्या अॅम्प्लिफायरच्या मानाने फार कमी तापते. वूफरही नवा घ्यावा लागतोच असे नाही. भुशाच्या फळीची पेटी फुगली म्हणून भंगारात निघालेल्या टू पॉइंट वन सेटमधला वूफर पुष्कळदा धडधाकट असतो; कड फाटली असेल तर ती बदलून देणारे कारागीर आहेत. असा जुना वूफर मिळाला की पेटी पुन्हा घरीच होते आणि सगळ्या खर्चात मोठा आकडा उरतो तो प्लायवुडचा.