प्लास्टिकच्या वेष्टनातली चिप आणि घरचा सर्व्हर

घरी वेब सर्व्हर ठेवायचा तर यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, वीजबिल मात्र दरमहा येतं. सर्व्हर चोवीस तास जागा हवा. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप फुकट मिळाला, तरी तो ७० वॉट खात असेल तर महिन्याला ५० युनिट जातात. तेच काम ५ वॉटमध्ये भागलं तर चार युनिटसुद्धा होत नाहीत.

म्हणून अशा कमी विजेवर चालणाऱ्या घरगुती सर्व्हरचं कूळ शोधताना मी टिम बर्नर्स-ली यांच्या १९९० सालच्या पहिल्या वेब सर्व्हरपाशी थांबत नाही. सर्न या संशोधन संस्थेतल्या त्या काळ्या नेक्स्ट संगणकावर, हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशा अर्थाची हस्तलिखित चिठ्ठी चिकटवलेली होती. पण ते हजारो डॉलरचं यंत्र. परवडणाऱ्या घरगुती सर्व्हरचा मूळपुरुष त्याआधी पाच वर्षं इंग्लंडात, केंब्रिजला जन्मला होता.

तिथल्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा शाळाशाळांत पोचलेला संगणक बनवला होता. पुढच्या संगणकासाठी मनासारखा प्रोसेसर बाजारात मिळेना, तेव्हा १९८३ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच तो रचायला घेतला. हाताशी माणसं मोजकी, पैसाही बेताचा. चिपला सिरॅमिकचं महागडं वेष्टन परवडणारं नव्हतं, स्वस्त प्लास्टिकचंच हवं होतं. प्लास्टिकला उष्णता फार सोसत नाही, म्हणून चिपने एक वॉटच्या आत राहायचं असं ठरलं. नेमका वीजवापर आधी मोजण्याची साधनं नव्हती. त्यामुळे दोघांनी प्रत्येक ठिकाणी हात आखडता घेतला.

२६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हातात आली आणि चालली. फर्बर यांनी तिचा वीजप्रवाह मोजायला मीटर जोडला, तर काटा शून्यावर! शोध घेतल्यावर कळलं की चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या सिग्नलच्या तारांमधून जी वीज आत झिरपत होती, तेवढ्यावर ती चिप हिशेब करत होती. मला ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना वाटते. काटकसरीपोटी केलेल्या रचनेचं नाव एआरएम. पुढे मोबाइल फोन तिच्यावर चालले, आणि घरचे सर्व्हरही.

मधली पिढी २००४ ची. लिंक्सिसने एनएसएलयू२ नावाची छोटी डबी काढली. यूएसबी डिस्क घरच्या नेटवर्कला जोडायची, एवढंच तिचं काम. आत एआरएम कुळातला इंटेलचा प्रोसेसर होता, ३२ एमबी मेमरी होती आणि लिनक्स होतं. लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. मग हौशी मंडळींनी डबीत आपली सॉफ्टवेअर भरली, पुढे डेबियन ही लिनक्सची पूर्ण आवृत्तीसुद्धा बसवली. सुरुवातीच्या डब्यांत २६६ मेगाहर्ट्‌झची चिप मुद्दाम १३३ वर चालवलेली असे. बोर्डावरचा एक बारीकसा रेझिस्टर काढून टाकला की वेग दुप्पट. शंभरेक डॉलरच्या या डबीवरून लोक आपापली संकेतस्थळं चालवू लागले. २००९ मध्ये मार्व्हेलने शीवाप्लग आणला. जाडजूड चार्जरएवढा हा संगणक थेट भिंतीच्या सॉकेटात बसायचा.

२९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक विक्रीला आला, तोही केंब्रिजमधूनच. ३५ डॉलर, ७०० मेगाहर्ट्‌झ, २५६ एमबी. एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांना तो मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी हवा होता. त्याची मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावंही बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. लोकांनी मात्र तो राउटरशेजारी ठेवला, वर एनजिनएक्स किंवा अपाचे हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर चढवलं, आणि घरातून पानं जगाला दिसू लागली.

पायची एक बाजू नाजूक आहे: मेमरी कार्ड. सर्व्हर प्रत्येक भेटीची नोंद लिहीत राहतो आणि सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं. नोंदी तात्पुरत्या मेमरीत ठेवाव्यात किंवा यूएसबीला छोटी एसएसडी जोडावी. माझ्या मते इथे पैसे वाचवू नयेत.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांत अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता असतो, त्यामुळे बाहेरून आलेली विनंती नेमक्या आपल्या घरी पोचत नाही. अशा वेळी ब्रॉडबँड कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो, नाहीतर घरातल्या पायने बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरशी स्वतःहून बोगदा जोडून ठेवायचा आणि येणाऱ्यांनी त्यातून आत यायचं.