पेंढा गेला, मीठ राहिले

अमेरिकेत शिकाऱ्याच्या घरी भिंतीवर जे शिंगाळ मुंडके दिसते, त्यात आता पेंढा नसतो. आत पॉलियुरेथेन फोमचा तयार साचा असतो, वर खरे कातडे. आतला माल बदलत गेला. कातडे टिकवण्याची पहिली पायरी मात्र जुनीच आहे.

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेट्झ शहरात जाँ-बाप्तीस्त बेकर याने सोमलाचा साबण काढला. तो चोळलेल्या कातड्याला कसर लागत नसे. फिलाडेल्फियात 1786 साली संग्रहालय थाटणाऱ्या चार्ल्स विल्सन पील यानेही सोमलच वापरला. मोठ्या जनावरांसाठी त्याने लाकडात स्नायू कोरून त्यांवर कातडे ताणले. पण ही रीत रुळली नाही. 1862 साली रॉचेस्टरमध्ये सुरू झालेल्या हेन्री वॉर्डच्या कारखान्यात कातडे उलटे टांगून त्यात मावेल तितका पेंढा ठासत. कुठे जास्त फुगले, तर लांब सुईने दोरा आरपार ओवून तेवढा भाग आत ओढायचा!

तिथेच 1883 साली एकोणीस वर्षांचा कार्ल एकली कामाला लागला. पुढे त्याने हाडांच्या आधारावर मातीत शरीर घडवले, त्याचा साचा घेऊन हलका पुतळा ओतला आणि त्यावर कातडे चढवले. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली त्याची चार ऋतूंतली हरणे 1902 साली पूर्ण झाली. ती आजही पाहायला मिळतात.

अशा पुतळ्यालाही कातडे धड लागते. शिकार झाल्यावर जिवाणू लगेच कामाला लागतात आणि केस मुळातून सुटतात. म्हणून मांस-चरबी खरवडायची, कान मोज्यासारखे उलटे करायचे, ओठ, नाक आणि पापण्यांची कातडी आतून चिरून उघडायची आणि आयोडीन नसलेले बारीक मीठ कोपऱ्याकोपऱ्यात चोळायचे. पाणी निथळावे म्हणून कातडे उतारावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी ओले मीठ झटकून नवे लावतात, मग हवेशीर सावलीत वाळवतात. मीठ लावणे जमणार नसेल, तर कातडे तसेच फ्रीजरमध्ये टाकावे. अर्धवट मीठ लावून गोठवू नये, कारण खारट कातडे नीट गोठत नाही.

फोमचे अंग हवे त्या मापाचे विकत मिळते; गळलेले केस मात्र परत लावता येत नाहीत. त्यामुळे कारागिराच्या हातात कातडे पडण्याआधीच, शिकाऱ्याच्या पहिल्या काही तासांत, निम्मे काम साधलेले किंवा बिघडलेले असते.