यतीची माता : भुवनेश्वरीदेवी आणि स्वामी विवेकानंद

मठाच्या इतिहासात आचार्यांची परंपरा, शिष्यांची मालिका, वास्तूची उभारणी आणि उत्सवांची नोंद ही क्रमाने येतात. आणि ती यावयासच हवीत. परंतु ज्या घरातून संन्यासी बाहेर पडला त्या घराचे पुढे काय झाले, त्याच्या मागे राहिलेल्या मातेने दिवस कसे काढले, याची नोंद मठाच्या दप्तरात सहसा नसते. संन्यासाश्रमाचा विधीच असा आहे की त्यात पूर्वाश्रमाचे नाव, गोत्र आणि नाते ही सर्व अग्नीस अर्पण होतात. तथापि त्याच शास्त्राने एक नाते शिल्लक ठेवले आहे. यती सर्वांस वंद्य असतो. प्रत्यक्ष जन्मदाता पिताही संन्यासी पुत्रास वंदन करतो. परंतु मातेसमोर यतीनेच मस्तक नमवावे असे स्मृतिपुराणांचे सांगणे आहे. हा अपवाद केवळ उपचाराचा आहे, की त्यामागे काही ऋण आहे, याचा विचार भाविक वाचकांनी करावा, यासाठी प्रस्तुत लेखात स्वामी विवेकानंद व त्यांच्या मातोश्री भुवनेश्वरीदेवी यांचा वृत्तांत घेतला आहे.

कोलकात्याच्या सिमला भागातील दत्त घराण्यात १२ जानेवारी १८६३ रोजी नरेंद्रनाथांचा जन्म झाला. पुत्रप्राप्तीसाठी भुवनेश्वरीदेवींनी काशीतील वीरेश्वर महादेवाची आराधना करविली होती. म्हणून मुलाचे नाव वीरेश्वर, आणि घरातील लाडके नाव 'बिले'. रामायण-महाभारतातील कथा या मुलाने प्रथम मातेच्या मुखातून ऐकल्या. वडील विश्वनाथ दत्त हायकोर्टातील नामांकित ॲटर्नी होते. मिळकत मोठी आणि हात सढळ. फेब्रुवारी १८८४ मध्ये त्यांचे आकस्मिक निधन झाले, तेव्हा शिल्लक काही नव्हती, देणेकरी दाराशी उभे होते, आणि भाऊबंदांनी राहत्या घराच्या वाटणीवरून कज्जा सुरू केला. वडील मुलगा म्हणून सर्व भार नरेंद्रनाथांवर आला. नोकरीसाठी ते अनवाणी हिंडले. श्रीरामकृष्णांच्या सांगण्यावरून घरचे दैन्य निवारण करावे अशी याचना करण्यासाठी ते दक्षिणेश्वरी कालीमातेसमोर गेले, आणि तेथे विवेक, वैराग्य, ज्ञान आणि भक्ती यांखेरीज काही मागणे त्यांच्याने झाले नाही, हा प्रसंग भक्तमंडळींस परिचित आहे. घरास साध्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही, एवढे आश्वासन मात्र गुरूंनी त्यांस दिले.

त्या प्रसंगाकडे आपण नेहमी पुत्राच्या बाजूने पाहतो. मातेच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? पती गेला, ऐश्वर्य गेले, आणि ज्याच्यावर भिस्त ठेवावी तो ज्येष्ठ पुत्र जानेवारी १८८७ मध्ये वराहनगरच्या मठात विरजाहोम करून संन्यासी झाला. मागे दोन धाकटे मुलगे राहिले : महेंद्रनाथ अठराच्या आतले, भूपेंद्रनाथ तर अवघे सहा-सात वर्षांचे. पुत्राच्या त्यागाची किंमत प्रथम मातेने भरली.

पुढे परिव्राजक अवस्थेत स्वामीजी घरी पत्र लिहीत नसत. मठातील गुरुबंधूंसही क्वचितच लिहीत. त्यामुळे घरची वार्ता त्यांच्यापर्यंत सहसा सरळ मार्गाने आली नाही. ती आली ती तारेने, परक्यांच्या पत्राने, एखाद्या दिवाणाच्या वा राजाच्या द्वारे. इ. स. १८९० मध्ये हिमालयात अलमोडा येथे त्यांस भावाची तार मिळाली. तीत बहिणीच्या दुर्दैवी अंताची बातमी होती. अंतःकरणावर हा घाव घेऊनच ते पर्वतात आणखी पुढे गेले. भारतीय स्त्रीच्या दैन्याविषयी पुढे जगभर जे तळमळून बोलले, त्यांच्या मनात ही तार कायमची राहिली असल्यास नवल नाही.

याच भ्रमणात ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामीजी कोल्हापूरहून बेळगावास आले. प्रथम भाटे वकिलांच्या महाराष्ट्रीय घरात आणि नंतर वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला. हरिपदबाबू व त्यांच्या पत्नी इंदुमती यांनी येथेच त्यांचे शिष्यत्व पत्करले. बेळगावाहून ते गोव्यात मडगावास गेले, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ अभ्यासण्यासाठी राशोल येथील सेमिनरीत काही दिवस राहिले. मराठी वाचकास राशोलचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये तेथेच छापले गेले. हे इंग्रज धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले, तेव्हा मायदेशी वडिलांना त्यांनी प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले होते. धर्म कोणताही असो, देश सोडून धर्मकार्यास निघालेल्या पुत्राच्या मागे एक घर वाट पाहत असते, ही गोष्ट त्या पत्रातूनही प्रत्ययास येते.

इ. स. १८९३ च्या आरंभी स्वामीजी मद्रासेस मन्मथनाथ भट्टाचार्य यांच्याकडे उतरले होते. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस त्यांनी जावे म्हणून तेथील तरुण मंडळी वर्गणी गोळा करीत होती. अशा वेळी एका रात्री मातेचे निधन झाल्याचे स्वप्न त्यांस पडले, आणि त्यांचे चित्त अत्यंत व्याकुळ झाले. ज्याने आत्मश्राद्ध केले, नावगाव टाकले, त्यास मातेच्या कुशलाची वार्ता कळल्याखेरीज पाऊल उचलवेना. मन्मथबाबूंनी कोलकात्यास तार केली; आणि उत्तर येण्यापूर्वीच मंडळी स्वामीजींना काही अंतरावर राहणाऱ्या गोविंद चेट्टी नावाच्या एका भविष्यवेत्त्याकडे घेऊन गेली. माता सुखरूप आहे आणि तुम्हांस धर्मप्रचारासाठी फार दूर जावे लागेल, असे त्याने सांगितले. पाठोपाठ तारेनेही माता कुशल असल्याचे कळविले. ही हकीकत स्वामीजींनी स्वतःच पुढे आपल्या शिष्यास सांगितली आहे. ३१ मे १८९३ रोजी मुंबई बंदरातून त्यांचे जहाज निघाले. सप्टेंबरमध्ये शिकागोस जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या दिग्विजयाच्या आधी मातेच्या कुशलवृत्ताची ही एक तार आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परदेशात कीर्ती शिखरास पोहोचली असता घरची वार्ता त्यांस पुन्हा परक्याच मार्गाने मिळाली. जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांनी कोलकात्यास जाऊन त्यांच्या माता व बंधूंची भेट घेतली आणि तसे अमेरिकेस कळविले. जानेवारी १८९४ मध्ये शिकागोहून स्वामीजींनी दिवाणसाहेबांस जे उत्तर पाठविले ते त्यांच्या पत्रसंग्रहातील अत्यंत मोकळ्या पत्रांपैकी होय. आपल्या हृदयातील एकमेव मृदू स्थानास तुम्ही स्पर्श केला आहे, आपण पाषाणहृदयी नाही, जगात कोणावर प्रेम असेल तर ते मातेवर, अशा आशयाची कबुली त्यांनी तीत दिली आहे. एका बाजूस देशातील कोट्यवधी दीनांची दशा आणि गुरूंचे कार्य, दुसऱ्या बाजूस जवळच्या माणसांचे दुःख. या दोहोंतून आपण पहिल्याची निवड केली, असेही त्यांनी लिहिले आहे. निवड झाली होती, ती त्यांनी कधी बदलली नाही. पण दुसऱ्या बाजूचा भार हलका झाल्याचेही त्यांनी कधी म्हटले नाही.

त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी केंब्रिज येथे भारतीय स्त्रीच्या आदर्शाविषयी बोलताना त्यांनी आपल्या मातेचा अत्यंत कृतज्ञतेने उल्लेख केला. ते ऐकून तेथील स्त्रिया इतक्या सद्गदित झाल्या की नाताळच्या सुमारास, स्वामीजींच्या नकळत, त्यांनी भुवनेश्वरीदेवींना एक पत्र आणि बालयेशूस मांडीवर घेतलेल्या मेरीचे चित्र पाठविले. पुत्राचे कुशल सातासमुद्रांपलीकडून असे मातेच्या घरी आले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामीजी कोलकात्यास परतले; १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. परंतु घरावरील संकटे संपली नव्हती. महेंद्रनाथ १८९६ मध्ये लंडनला गेले होते. ते तेथून पायी देशोदेशी हिंडत निघाले आणि १९०२ पर्यंत परतले नाहीत. दुसराही मुलगा दृष्टीआड झाल्याने माता खचली. नोव्हेंबर १८९८ मध्ये बेलूरहून खेत्रीचे राजे अजितसिंह यांस लिहिताना, जगाची सेवा करण्याच्या नादात मातेची उपेक्षा झाली हे शल्य आपणास सतत बोचते, आता काही वर्षे तरी तिची सेवा करावी आणि तिला राहावयास लहानसे नीट घर बांधावे, अशी इच्छा स्वामीजींनी व्यक्त केली. राजेसाहेब त्या कुटुंबास दरमहा १०० रुपये देत असत; ते आपल्या पश्चातही मातेस मिळत राहावेत, अशी विनंती त्यांनी १ डिसेंबरच्या पत्रात केली. संन्यासी मातेसाठी याचक झाला. पुढे जानेवारी १९०१ मध्ये अजितसिंहच अपघाताने निवर्तले.

जानेवारी १९०० मध्ये कॅलिफोर्नियातून लिहिलेल्या एका पत्रात मठाचा कारभार बाजूस ठेवून मातेकडे परतण्याचा विचार स्वामीजींनी प्रकट केला, आणि त्यास आधार दिला तो आद्य शंकराचार्यांचा. कालडीहून निघताना अंतकाळी येईन असे वचन आचार्यांनी आर्याम्बेस दिले, ते पाळले, आणि भाऊबंदांनी पाठ फिरविली असता स्वहस्ते तिचा अंत्यसंस्कार केला, असे शंकरविजयांची परंपरा सांगते. आपल्या महाराष्ट्रातही समर्थ रामदासस्वामींनी चोवीस वर्षांनी जांबेस येऊन दृष्टी गमावलेल्या राणूबाईंची भेट घेतली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. स्वामीजींचा विचार म्हणजे क्षणिक हळवेपणा नव्हे. तो या जुन्या मार्गाचाच पुढचा टप्पा होता.

आणि अखेरच्या दोन वर्षांत तो विचार आचरणात आला. मार्च १९०१ मध्ये मातेस घेऊन ते पूर्व बंगालात गेले. ब्रह्मपुत्रेचे स्नान, चंद्रनाथ आणि कामाख्या ही तीर्थे तिला घडविली. ऑक्टोबर १९०१ मध्ये बेलूर मठात प्रथमच दुर्गापूजा झाली, तीस मातेला आदराने पाचारण केले. बालपणी ते आजारी असता भुवनेश्वरीदेवींनी कालीघाटाच्या देवीस नवस केला होता व तो राहून गेला होता. त्याचे स्मरण होताच, प्रकृती ढासळली असताही, स्वामीजींनी ओल्या वस्त्राने देवीसमोर लोटांगणे घातली, प्रदक्षिणा केल्या, होम केला. अद्वैताचा हा जगन्मान्य उपदेशक आईचा नवस फेडण्यासाठी देवळाच्या अंगणात लोळला. वर्षानुवर्षे चाललेला घराचा कज्जाही जून १९०२ च्या अखेरीस सामोपचाराने मिटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ जुलै १९०२ रोजी, स्वामीजींनी देह ठेवला. वय एकोणचाळीस वर्षांचे होते.

भुवनेश्वरीदेवी त्यानंतर नऊ वर्षे जगल्या. धाकटे भूपेंद्रनाथ 'युगांतर' पत्राच्या खटल्यात १९०७ मध्ये एक वर्षाच्या सक्तमजुरीस गेले, तेव्हा कोलकात्यातील स्त्रियांनी या मातेचा गौरव केला. एक पुत्र धर्मास, एक देशास. स्वामीजींच्या माघारी त्यांची विचारपूस स्वामी ब्रह्मानंदांनी पुत्रवत् चालविली. २५ जुलै १९११ रोजी त्यांनी इहलोक सोडला.

या चरित्रावरून मठाच्या भक्तांनी काय घ्यावे? वैराग्य म्हणजे कोरडेपणा, अशी समजूत आपल्यात रुजलेली आहे. आणि संन्याशाने घराचे नाव काढताच काही जण मनात शंकित होतात. वस्तुतः मायेचा मोह आणि मातेचे ऋण या भिन्न गोष्टी आहेत. मोहाने पुत्र कार्यापासून परत फिरला असता. तो फिरला नाही. ऋण मात्र त्याने मानले, आणि शक्तीनुसार फेडले. तसेच गुरुबंधूच्या मातेचा भार गुरुबंधूंनी उचलला, यात मठ म्हणजे काय याचेही उत्तर आहे. आपल्या मठाच्या या वर्धापनोत्सवात गुरुपरंपरेचे पूजन होईल, ग्रंथांचे होईल, दात्यांची नावे वाचली जातील. ज्या मातांनी आपले पुत्र मठांस दिले त्यांची नावे सहसा शिलालेखांवर नसतात. त्यांपैकी ज्या हयात असतील त्यांच्या दाराशी वर्षातून एकदा तरी मठाचा प्रसाद पोहोचवून कुशल विचारावे, आणि ज्या गेल्या त्यांना उत्सवाच्या आरंभी वंदन करावे, एवढे जरी आपल्या हातून घडले तरी यतीने मातेस वंदन करावे या शास्त्रवचनाचा आपण काही अंशी आदर केला असे होईल.