पोर्ट वाईन आणि दोरो खोरे : भूमी, सीमा आणि व्यापार

पोर्तुगालच्या उत्तरेस दोरो नदीच्या वरच्या खोऱ्यात तयार होणारी गोड, गडद तांबडी वाईन जगभर ‘पोर्ट’ या नावाने ओळखली जाते. हे नाव तिला द्राक्षे जेथे पिकतात त्या भूमीवरून मिळालेले नाही. ज्या बंदरातून ती परदेशी रवाना होई त्या पोर्तो शहरावरून मिळाले आहे. उत्पादन एका ठिकाणचे आणि नाव दुसऱ्या ठिकाणचे, ही केवळ भाषिक गंमत नव्हे. द्राक्ष उत्पादक आणि निर्यातदार व्यापारी यांच्यात दीर्घकाळ जो संघर्ष झाला, त्याचे मूळ याच अंतरात आहे.

प्रथम भूमीचा विचार करणे आवश्यक ठरते. अटलांटिकवरून येणारे ढग माराँव पर्वतरांगेने अडवले जातात. परिणामी पोर्तोत वर्षाला 1000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडत असता खोऱ्याच्या पूर्व टोकाला त्याच्या निम्माही पडत नाही, आणि उन्हाळ्यात तापमान 40 अंशांपलीकडे जाते. सभोवार ग्रॅनाइट असला तरी खोऱ्यात मुख्यतः शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक आहे. त्याचे थर अनेक ठिकाणी जवळजवळ उभे असल्याने वेलीची मुळे भेगांतून खोलवर जाऊन ओलावा शोधतात. तीव्र उतारावर मूळची माती फारच थोडी. मजुरांनी, ज्यांत स्पेनमधील गालिसियातून आलेल्यांचा मोठा भरणा होता, पहारींनी खडक फोडला, निघालेल्या दगडांचे कोरडे बांध रचले आणि त्यांमागे चुरा भरून पायऱ्या केल्या. येथील माती माणसाने घडवली आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

या दुर्गम खोऱ्याचे भाग्य इंग्लंड-फ्रान्स वैरामुळे उजळले. 1703 च्या मेथ्युएन तहान्वये पोर्तुगीज वाईनवरील इंग्लंडमधील जकात फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवण्यात आली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. फिक्या वाईनला रंग आणण्यासाठी एल्डर या झाडाच्या काळ्या फळांचा रस मिसळला जाई. अठराव्या शतकाच्या मध्यास भाव कोसळले, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांनी उत्पादकांना दोष दिला आणि उत्पादकांनी व्यापाऱ्यांना.

यावर उपाय योजला तो सेबास्तियाँव जोझे द कार्व्हाल्यु इ मेलु, म्हणजेच पुढे मार्केस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने. (गोव्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांस तो 1759 मधील जेजुइटांच्या हकालपट्टीमुळे परिचित आहे.) 10 सप्टेंबर 1756 रोजी स्थापन झालेल्या सनदी कंपनीने खोऱ्याची सीमा आखली व पुढील काही वर्षांत ग्रॅनाइटचे 335 स्तंभ रोवून ती जमिनीवर दाखवली. कोणत्या मळ्याची वाईन इंग्लंडला जाईल आणि कोणती देशातच विकली जाईल हे ठरले, भाव बांधले गेले, एल्डरची झाडे उपटण्याचा हुकूम निघाला. टस्कनीत कियांतीची सीमा 1716 मध्येच ठरली होती हे खरे. परंतु सीमा, प्रतवारी, भावनियंत्रण आणि अंमलबजावणीची यंत्रणा ही सर्व अंगे दोरोत प्रथम एकत्र आली. त्याची किंमत मात्र गरिबांनी मोजली. पोर्तोतील गुत्त्यांना वाईन पुरवण्याची मक्तेदारीही कंपनीकडे गेल्याने फेब्रुवारी 1757 मध्ये शहरात दंगल उसळली आणि तीत सामील असलेल्या अनेकांना फाशी देण्यात आले.

आज पोर्टचे लक्षण मानली जाणारी गोडी या सीमेहून अर्वाचीन आहे. आंबवण अर्ध्यावर असताना सुमारे 435 लिटर रसात 115 लिटर द्राक्षाची तीव्र दारू मिसळली की किण्वन थांबते व साखर शिल्लक राहते. ही रीत सार्वत्रिक झाली ती एकोणिसाव्या शतकात. खोऱ्याचा तपशीलवार नकाशा काढणारा इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर याने 1844 मध्ये पुस्तिका लिहून तिला कडाडून विरोध केला. भूमीचा गुण मिसळलेल्या दारूखाली झाकला जातो, हा त्याचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. पण बाजाराने गोडीच्या बाजूने कौल दिला. 1861 मध्ये दोरोच्या धारेत नाव उलटून तो बुडाला.

1834 मध्ये कंपनीचे विशेषाधिकार रद्द झाले, तर 1907 मध्ये निर्बंध पुन्हा आले. विसाव्या शतकाच्या मध्यास उतार, उंची, खडक इत्यादी निकषांवर प्रत्येक मळ्याला गुण देण्याची पद्धत सुरू झाली. भूमीचे मोल कागदावर असे मान्य होत असतानाच, वाईन साठवून निर्यात करण्याचा व्यवहार 1926 पासून पोर्तोसमोरील व्हिला नोव्हा द गाया येथील वखारींपुरता बांधला गेला. लहान उत्पादकाला एवढा साठा तेथे ठेवणे परवडणारे नव्हते. खोऱ्यातून थेट निर्यात करण्याची मुभा त्याला 1986 मध्ये मिळाली. तोपर्यंत धरणांमुळे नदीची धार शांत झाली होती आणि पिंपे वाहून नेणाऱ्या राबेलो नावा निरुपयोगी ठरल्या होत्या.

2001 मध्ये युनेस्कोने या खोऱ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. 1860 च्या दशकात आलेल्या फायलोक्सेरा किडीने वेली मारल्यानंतर ओस पडलेले बांधही तेथे उभे आहेत. स्थानिक लोक त्या पायऱ्यांना ‘मोर्तोरियु’ म्हणतात. काहींवर पुढे ऑलिव्हची झाडे लावण्यात आली, उरलेल्या झुडपांखाली गेल्या.