सुट्टी आणि कपाटाची किल्ली

महाराष्ट्रदिनी सकाळी झेंडावंदन आटोपले की मुलांच्या हाती प्रगतिपुस्तके द्यावयाची, ही आपल्याकडील पुष्कळ शाळांची जुनी प्रथा. आमच्या नेरुळच्या इमारतीतील एक मुलगा मागे अशाच एका १ मेला सातवीत गेला. प्रगतिपुस्तकाबरोबर त्याने आणखी एक कागद घरी आणला. त्यावर रकाने आखलेले होते : पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, आवडलेले पात्र, मिळालेला बोध आणि पालकांची सही. सुट्टीत पाच पुस्तके वाचून हे रकाने भरावयाचे होते. त्याच्या आईने सहज विचारले, "अरे, पण पुस्तके कुठे आहेत?" मुलगा म्हणाला, "शाळेच्या कपाटात आहेत. पण शाळा आता जूनमध्ये उघडणार."

त्या उत्तराला आम्ही सर्वजण हसलो. पुढे विचार करू लागलो तेव्हा वाटले की, मराठी मुलांच्या अवांतर वाचनाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास या एका उत्तरात आला आहे. या काळात मुलांसाठी लिहिणारे निघाले, छापणारे निघाले, पदरमोड करून मासिके चालविणारेही निघाले. अडले ते एकाच ठिकाणी. मूल मोकळे असते तेव्हा पुस्तक कुलपात असते, आणि कपाट उघडते तेव्हा मुलाला फुरसत नसते.

आरंभ मुंबईतच झाला. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळांची पुस्तके यांची सोय पाहण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे हे तिचे एतद्देशीय चिटणीस. १८२८ साली त्यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' ही दोन पुस्तके बाहेर पडली. यांपैकी 'बाळमित्रा'ची कुळकथा मौजेची आहे. आर्नो बेर्कँ नावाच्या फ्रेंच लेखकाने १७८२-८३ साली पॅरिसमध्ये मुलांसाठी दरमहा एक लहान पुस्तक काढले होते. त्यात घरगुती गोष्टी असत, मुलांनी घरी करावयाची छोटी नाटके असत. ते फ्रेंचातून इंग्रजीत आले आणि इंग्रजीतून छत्र्यांनी मराठीत आणले. म्हणजे मराठी मुलाच्या हाती प्रथम पडलेल्या छापील गोष्टींपैकी एक पुस्तक मुळात घरी, फावल्या वेळात वाचण्याचे मासिक होते! इकडे येताच मात्र ते शाळेसाठी काम करणाऱ्या मंडळीचे पुस्तक झाले. गोष्टीखाली तात्पर्य हवेच, ही इसापाबरोबर आलेली सवयही तेव्हापासूनच मुरली. त्या कागदावरील 'मिळालेला बोध' हा रकाना काही आजचा नाही.

शाळेबाहेरची वाट मासिकांनी पाडली. विनायक कोंडदेव ओक हे शिक्षणखात्यातील गृहस्थ. १८८१ साली त्यांनी 'बालबोध' सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय असा त्यांच्या अंकाचा शिरस्ता होता, आणि बहुतेक मजकूर ते स्वतःच लिहीत. पुढे १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी 'आनंद' काढला. ओकांचा स्वर गुरुजींचा, आपट्यांचा काहीसा घरातल्या काकांचा. नावातच आपट्यांनी आपला हेतू सांगून टाकला होता.

या मासिकांच्या भाषेविषयी, उपदेशाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा एक साधा गुण मात्र नजरेआड राहतो. मासिकाला सुट्टी नसते. शाळेचे कपाट एप्रिलअखेर बंद होई, पण टपालवाला मे महिन्यातही येई, आणि अंक शाळेच्या नव्हे, घराच्या पत्त्यावर येई. तो आंब्याच्या आढीशेजारी बसून वाचता येई, धाकट्या भावापासून लपविता येई, पुन्हा पुन्हा वाचून चिंध्या करता येई. त्याची परीक्षा कोणी घेत नसे. सुट्टीतल्या वाचनाला जे जे लागते ते या व्यवस्थेत आपोआप होते. उणीव एवढीच होती की ज्या घरी वर्गणी भरण्याची ऐपत आणि अंक उलगडून देणारे शिकलेले माणूस, त्याच घरी तो टपालवाला थांबे.

ही उणीव ज्यांच्या ध्यानात आली त्यांत बडोद्याचे सयाजीराव महाराज अग्रगण्य होत. १९०६ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडलेल्या मुलाला वाचावयास काही मिळाले नाही, तर चार वर्षांत तो अक्षरे विसरतो, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. त्याच्या तीन वर्षांच्या मुक्कामात ग्रंथालयांचे जे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला, त्यात फिरती ग्रंथालये होती. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवावयाच्या, गावातील जबाबदार माणसाच्या ताब्यात द्यावयाच्या, आणि वाचून झाल्यावर पेटी परत घेऊन दुसरी धाडावयाची, अशी ती व्यवस्था. पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी अमलात आणला होता. पुढे श्री सयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी छोटी पुस्तकेही निघाली.

शिक्षकांनी काही केले नाही असे मात्र म्हणू नये. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवीत आणि वसतिगृह सांभाळीत, तेव्हा तेथील मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढीत. रकाने मुलांनी भरावयाचे नव्हते, गुरुजीच भरीत. मुले नुसती वाचीत. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्रातील किती मुलांनी ती मे महिन्यात आजोळच्या माळ्यावर बसून, डोळे पुशीत वाचली असेल याची गणती नाही. स्वातंत्र्यानंतर भा. रा. भागवतांनी १९५१ साली मासिक काढले, त्याचे नाव पुन्हा 'बालमित्र'. सहासात वर्षांत ते बंद पडले, पण पुढे त्यांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे फास्टर फेणेला, जन्म दिला. त्याच्या गोष्टीखाली तात्पर्य नव्हते. तिकडे मद्रासहून १९५२ पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला. एस. टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना बापाच्या खिशातून तो निघे, हे पुष्कळांना आठवत असेल.

आता आमच्या गावाकडे वळतो. मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे नवे शहर वसविण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'किशोर' मासिकाचा पहिला अंक नोव्हेंबर १९७१चा. नवी मुंबई आणि 'किशोर' ही अशी जवळजवळ एका वयाची भावंडे आहेत. या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील पंचाण्णव गावांची जमीन घेतली गेली. ती भातशेतीची, मिठागरांची, आगरी-कोळ्यांची गावे. उन्हाळा हा मीठ पिकण्याचा हंगाम, त्यामुळे सुट्टी म्हणजे रिकामपण हे येथील प्रत्येक घरात कधीच खरे नव्हते. पुढे घाऊक बाजार खाडीपलीकडून वाशी-तुर्भ्याला आले आणि त्यांच्याबरोबर सातारा-पुण्याच्या डोंगराळ भागांतील माथाडी कामगारांची बिऱ्हाडे कोपरखैरणे-घणसोलीत स्थिरावली. १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला, पालिकेच्या शाळा आल्या.

अशा शहरात मे महिना कसा असतो? पहिल्या आठवड्यातच अर्धी वस्ती रिकामी होते. कोणी साताऱ्याला, कोणी जुन्नरकडे, कोणी कोकणात. मूल शहरात राहतच नाही. म्हणून शहरातले ग्रंथालय कितीही चांगले असले, तरी सुट्टीत त्याचा उपयोग अर्ध्याच मुलांना. पुस्तक वाचले जावयाचे असेल तर ते एस. टी.त चढले पाहिजे, कपड्यांच्या पिशवीत, खाऊच्या डब्याशेजारी.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर इतका ऊहापोह केला नसता. बार्बरा हेन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. गरीब आणि सुस्थित घरांतील मुलांमधील अंतर शाळेच्या दिवसांपेक्षा उन्हाळी सुट्टीत अधिक वाढते, आणि सुट्टीतील उद्योगांपैकी ज्याचा मुलांच्या प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध दिसतो तो म्हणजे वाचन, असे त्यांना आढळले. ग्रंथालय घरापासून किती लांब आहे यावरही वाचन अवलंबून होते. पुढे रिचर्ड ॲलिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॉरिडातील गरीब मुलांना ओळीने तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके दिली. ती मुलांनी स्वतः निवडलेली होती आणि कायमची त्यांची झाली. ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांच्यापेक्षा या मुलांचे वाचन सुधारले, असा निष्कर्ष त्यांनी २०१० साली मांडला. पुस्तक हाती असणे आणि ते आपण निवडलेले असणे, एवढ्यावर बरेच काम भागते, असे यावरून दिसते.

आपला कायदाही याहून फार दूर नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. कपाट आले. पुस्तकेही थोडीफार आली. राहिली ती किल्ली.

किल्ली जवळ ठेवणाऱ्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. शाळेतील प्रत्येक पुस्तकाची नोंद डेडस्टॉकच्या वहीत असते. एक पुस्तक कमी भरले की जाब त्याला द्यावा लागतो. अशा माणसाने एक मेला दीडशे पुस्तके दीडशे गावांना जाऊ द्यावीत, ही अपेक्षा त्याच्याकडून करताना आधी त्याच्या मानेवरची ती वही उतरविली पाहिजे. पुस्तक हे झिजण्यासाठीच असते, दहातली दोन हरवली तर ती वाचनाच्या खर्ची पडली असे समजावे, एवढे एखाद्या परिपत्रकात लिहिले तरी पुरे. मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कपाट उघडून मुलांना आपापली पाच पुस्तके उचलू देण्यास अडचण कोणती? सयाजीरावांच्या पेट्या बैलगाडीतून जात असत. आमची मुले तर पाठीवर दप्तर घेऊनच शाळेत येतात.

तो सातवीतला मुलगा जूनमध्ये गावाहून परतला. कागदावर एकच ओळ भरलेली होती. गावी, चुलत्याच्या ट्रंकेत त्याला 'किशोर'चा एक जुना दिवाळी अंक सापडला होता, मुखपृष्ठ व पहिली काही पाने नसलेला. तो त्याने तीन वेळा वाचला होता. लेखकाचे नाव म्हणून काय लिहावे हे त्याला कळेना, कारण लेखक पुष्कळ होते. बोधाचा रकाना कोराच होता. शाळेने त्याखाली 'अपूर्ण' असा लाल शेरा मारला. तो अंक मात्र त्याने शाळेत जमा केला नाही. चुलत्यालाही परत केला नाही.